बेल रॉकचा दिवा व रॉबर्ट स्टीव्हन्सन

जमिनीवरून प्रवास करणारा मनुष्य रात्रीं वाट चुकला, तर तो एखाद्या झाडाखालीं बसून पहांट होईपर्यंत थांबूं शकतो, किंवा जवळच्या वस्तींत जाऊन कोणास तरी विचारूं शकतो. समुद्रावरील तांडेलास ह्यांतील एकही सोय नसते. वारा त्यास थांबूं देत नाहीं, भरती त्यास मागें फिरूं देत नाहीं, आणि विचारावें म्हटलें तर चोहोंकडे पाण्यावांचून दुसरें कांहीं नसतें. त्यांतही चमत्कार असा कीं, भर समुद्रांत त्यास जितकें भय असतें, त्याहून किती तरी अधिक भय घर जवळ आल्यावर असतें. कारण खडक असतात ते किनाऱ्याजवळ; आणि निरनिराळ्या दिशांनीं आलेलीं गलबतें बंदरांत शिरण्यासाठीं एका अरुंद तोंडापाशीं गोळा होतात, तींही किनाऱ्याजवळच. म्हणून ज्या खाडीवर व्यापार मोठा, तिच्या तोंडाशीं रात्रभर कोणी तरी जागें असावें लागतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे मुंबईस जाऊन आले असतील, त्यांतील कित्येकांनीं कुलाब्याच्या दक्षिणेस समुद्रांत उभें असलेलें प्रॉंग्सचें दीपगृह दुरून पाहिलें असेल. भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाणाऱ्या खडकाळ पट्ट्यावर तें १८७५ सालीं बांधण्यांत आलें. ज्या जागीं मनुष्यास दिवसांतून कांहीं तासच उभें राहतां येतें, तेथें असा दगडी मनोरा उभा करतात तरी कसा, हा प्रश्न वर्गांत आम्हांस पुष्कळ वेळां विचारण्यांत आला आहे. त्याचें उत्तर पुस्तकी रीतीनें देण्यापेक्षां, ज्या एका माणसानें असें काम प्रत्यक्ष करून दाखविलें त्याचें चरित्र सांगावें, असें आम्हीं ठरविलें. हा मनुष्य म्हणजे स्कॉटलंडांतील स्थापत्यविशारद रॉबर्ट स्टीव्हन्सन होय. 'ट्रेझर आयलंड' ही गोष्ट ज्यानें लिहिली, तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्याचाच नातू. नातवाची कीर्ति आज आजोबाहून मोठी आहे. परंतु आजोबाची कृति अद्यापि समुद्रांत उभी आहे.

रॉबर्टचा जन्म ८ जून १७७२ रोजीं ग्लासगो शहरीं झाला. त्याचा बाप वेस्ट इंडीज बेटांशीं व्यापार करणाऱ्या एका पेढींत भागीदार होता. कामानिमित्त तिकडे गेला असतां तो तापानें तेथेंच वारला. त्या वेळीं रॉबर्टचें वय अवघें दोन वर्षांचें होतें. आई मोठी धीराची व देवभीरु बाई होती. मुलानें धर्मोपदेशक व्हावें, अशी तिची मनापासून इच्छा होती. परंतु घरीं पैसा नव्हता, आणि मुलाचें शिक्षणही धर्मार्थ शाळेंतच सुरू झालें होतें. ह्या स्थितींत एडिंबरो शहरांतील टॉमस स्मिथ नांवाच्या एका उद्योगी गृहस्थाशीं तिचा पुनर्विवाह झाला, आणि त्यामुळें मुलाच्या आयुष्याचा ओघच बदलला.

हा स्मिथ दिवे करणारा कारागीर होता. त्या काळीं किनाऱ्यावरील बहुतेक दीपगृहें म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावर लोखंडी शेगडींत पेटविलेला कोळसा, ह्याहून अधिक कांहीं नसे. पाऊस आला कीं जाळ मंदावे, वारा सुटला कीं भडके, आणि धुरानें कित्येक वेळां सगळेंच झांकून जाई. स्मिथनें कोळशाच्या जागीं तेलाचे दिवे योजून त्यांच्यामागें चकचकीत अंतर्गोल आरसे बसविले, त्यामुळें सगळा प्रकाश एकवटून समुद्राकडे जाऊं लागला. १७८६ सालीं स्कॉटलंडच्या उत्तरेकडील दीपगृहांसाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें, तेव्हां त्या मंडळानें स्मिथलाच आपला स्थापत्यविशारद नेमलें. रॉबर्ट त्याच्या हाताखालीं काम शिकूं लागला, आणि एकोणीस वर्षांचा असतांना क्लाइड नदीच्या मुखाशीं असलेल्या एका बेटावर दीपगृह उभारण्याची देखरेख त्याच्यावर सोंपविण्यांत आली.

उन्हाळ्यांत समुद्रावर काम आणि हिवाळ्यांत विद्यालयांत अभ्यास, असा त्याचा कित्येक वर्षें क्रम होता. ग्लासगो व एडिंबरो येथें गणित, रसायन, पदार्थविज्ञान हे विषय त्यानें मन लावून ऐकले. परंतु लॅटिन त्यास बेताचेंच येई आणि ग्रीक मुळींच येत नसे. म्हणून त्यास पदवी मिळाली नाहीं. परीक्षेंतील अपयशानें खचून जाणाऱ्या मुलांनीं व त्यांहून अधिक खचणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी, म्हणून ती येथें मुद्दाम नमूद केली आहे.

आतां ज्या जागेमुळें त्याचें नांव झालें तिच्याकडे वळूं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्थ व टे ह्या दोन मोठ्या खाड्या शेजारीं-शेजारीं आहेत. फोर्थच्या तीरावर लीथ हें एडिंबरो शहराचें बंदर आणि टेच्या तीरावर डंडी. उत्तर समुद्रांतून येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांची ह्या दोन्ही खाड्यांच्या तोंडाशीं सदैव वर्दळ असे. आणि नेमका ह्याच वाटेवर, आर्ब्रोथ गांवापासून सुमारें ११ मैल समुद्रांत, एक खडक दडून बसलेला आहे. पूर्ण ओहोटीला तो पाण्यावर चार-पांच फूट डोकें काढतो, आणि भरतीला बारा फूट पाण्याखालीं जातो. त्याचें जुनें नांव इंचकेप. परंतु लोक त्यास बेल रॉक, म्हणजे घंटेचा खडक, म्हणतात. पूर्वीं आर्ब्रोथच्या मठाधिपतीनें ह्या खडकावर एक घंटा बांधली होती, लाटांनीं ती वाजे व खलाशांस सावध करी. एका चांच्यानें ती कापून टाकली, आणि पुढें तोच त्या खडकावर आपटून बुडाला, अशी दंतकथा आहे. साउदी कवीनें ह्या कथेवर एक प्रसिद्ध कविता रचली आहे. कथा खरी असो वा नसो, गलबतें फुटत होतीं हें मात्र खरें. ह्या खडकाची लोकांस इतकी दहशत होती कीं, तो टाळण्यासाठीं तांडेल दूरचा वळसा घेत, आणि त्या भरांत समोरच्या किनाऱ्यावर जाऊन आदळत.

१७९९ सालच्या डिसेंबर महिन्यांत ह्या किनाऱ्यावर एक भयंकर वादळ झालें. त्यांत सुमारें ७० गलबतें नष्ट झालीं असें सांगतात. फोर्थच्या खाडींत आसरा मिळाला असता तर त्यांपैकीं कित्येक वांचलीं असतीं. परंतु बेल रॉकच्या भीतीनें तिकडे वळण्याचें धैर्य होईना. पुढल्या वर्षीं, म्हणजे १८०० सालीं, स्टीव्हन्सन प्रथम ह्या खडकावर उतरला. ओहोटीचा वेळ संपेपर्यंत त्यानें जागा न्याहाळली. त्याच्याबरोबर आलेले नावाडी तितक्यांत खडकाच्या भेगांतून लोखंडाचे तुकडे, बुटांचीं बकलें, संगिनी असें सामान गोळा करीत होते. बुडालेल्या माणसांच्या त्या शेवटल्या खुणा होत्या. तोंपर्यंत लोखंडी खांबांवर दिवा उभारावा असा स्टीव्हन्सनचा विचार होता. परंतु खडक पाहिल्यावर येथें दगडी मनोऱ्यावांचून दुसरें कांहीं टिकणार नाहीं अशी त्याची खात्री झाली.

ही खात्री दुसऱ्यांस पटविण्यास मात्र सहा वर्षें लागलीं. खर्च फार, काम अशक्य, सांगणारा तरुण व अप्रसिद्ध. ह्या तीन कारणांनीं पुष्कळांनीं माना हलविल्या. १८०३ सालीं पार्लमेंटपुढें आलेलें बिल पास झालें नाहीं. मग १८०४ च्या आरंभीं 'यॉर्क' नांवाचें लढाऊ जहाज सर्व माणसांसह उत्तर समुद्रांत नाहींसें झालें. त्यावर सुमारें ४९१ माणसें होतीं. तें बेल रॉकवरच आदळलें असावें, असें लोकांनीं मानलें. जी गोष्ट कित्येक वर्षें गरीब खलाशांच्या मरणानें झाली नव्हती ती आरमाराच्या नुकसानीनें झाली, आणि १८०६ सालीं दीपगृहाचा कायदा मंजूर झाला. मंडळानें मुख्य स्थापत्यविशारद म्हणून त्या काळचा प्रख्यात पूल बांधणारा जॉन रेनी ह्यास नेमलें, व प्रत्यक्ष कामाचा भार स्टीव्हन्सनवर टाकला.

१८०७ च्या ऑगस्ट महिन्यांत कामास आरंभ झाला. खडकाजवळ 'फॅरोस' नांवाचें एक जहाज नांगरून त्याच्या डोलकाठ्यांवर दिवे लावले होते. मजूर त्याच जहाजावर राहात. तें इतकें हेलकावे खाई कीं, कित्येक पाथरवटांस पहिले दिवस अन्नही पोटांत ठरेना. ओहोटी लागली कीं होड्यांनीं खडकावर जावयाचें, पाणी चढेपर्यंत खोदावयाचें, आणि पाणी पायांस लागलें कीं परत फिरावयाचें. ओहोटी रोज वेगळ्या वेळीं. म्हणून काम कधीं पहांटे, कधीं भर दुपारीं, तर कधीं मध्यरात्रीं मशाली लावून चाले. कधीं एका ओहोटीला दोन-तीन तास मिळत, कधीं तेवढेही नाहींत. पाथरवटांच्या टिकाव-छिन्न्या कठीण खडकावर लवकर बोथट होत, म्हणून धार लावण्यासाठीं लोहारानें आपली भट्टी व भाता खडकावरच मांडला होता. त्याच्या तोंडावर ठिणग्या उडत असतां पाय गुडघ्यापर्यंत समुद्रांत असत, आणि लाट आली कीं भट्टी विझे.

त्याच वर्षीं २ सप्टेंबर रोजीं सगळेंच काम संपण्याची वेळ आली होती. त्या दिवशीं खडकावर स्टीव्हन्सन धरून ३२ माणसें होतीं. जवळ नांगरलेली 'स्मीटन' नांवाची बोट वाऱ्यानें सुटली, आणि पाहतां पाहतां दूर वाहून गेली. मागें राहिल्या दोनच होड्या. दोन होड्यांत सगळीं माणसें मावणें शक्य नव्हतें, आणि भरती तर चढत होती. मजूर खालीं मान घालून काम करीत होते. त्यांस कांहींच ठाऊक नव्हतें. स्टीव्हन्सननें मात्र तें पाहिलें होतें. भट्टी विझली, हत्यारें गोळा झालीं, लोक होड्यांकडे आले आणि एकदम स्तब्ध उभे राहिले. कोणी ओरडलें नाहीं, कोणी भांडलें नाहीं. सर्वजण फक्त त्याच्या तोंडाकडे पाहूं लागले. जड कपडे काढून टाकावे, कांहींनीं होड्यांत बसावें, बाकीच्यांनीं कडांस धरून पाण्यांत लोंबकळावें, आणि तसेंच जहाजाकडे जावें, असें तो सांगणार होता. पण तोंडास इतकी कोरड पडली कीं, शब्द फुटेना. खडकांतील डबक्याचें खारें पाणी तोंडांत घेण्यासाठीं तो वांकला, तोंच कोणी तरी होडी आली म्हणून हांक मारली. आर्ब्रोथहून टपाल घेऊन येणारा स्पिंक नांवाचा वाटाड्या नेमका त्या वेळीं येऊन पोंचला होता. कित्येक तास लाटांचा मार खात अखेर सगळे सुखरूप जहाजावर गेले.

ज्या मनुष्याचें तोंड भीतीनें कोरडें पडलें, तोच दुसऱ्या ओहोटीला खडकावर परत जावयास तयार होता. आम्हांस ह्या प्रसंगांत जें शिकण्यासारखें वाटतें तें हेंच. भीति वाटली नाहीं असें त्यानें कोठेंही लिहिलेलें नाहीं. आपण घाबरलों होतों हें त्यानें स्वतःच्या हातानें नमूद करून ठेवलें, म्हणूनच आज तें आपणांस ठाऊक आहे.

ह्याच काळांत आणखी एक प्रश्न उभा राहिला. चांगल्या हवेचे दिवस थोडे. तेव्हां रविवारींही काम करावें कीं नाहीं? स्कॉटलंडांतील लोक प्रभुवार पाळण्यांत फार कडक. स्टीव्हन्सनचें म्हणणें असें पडलें कीं, एकेक ओहोटी वायां गेली तर दिवा तितका लांबतो, आणि दिवा लांबला तर माणसें मरतात. म्हणून हें काम दयेचें आहे. त्यानें प्रार्थना करून कामास जाण्याचा परिपाठ ठेवला. बहुतेकांस त्याचें म्हणणें पटलें. थोड्यांस पटलें नाहीं, ते जहाजावरच राहिले. त्यांच्यावर त्यानें रोष धरला नाहीं किंवा त्यांस कामावरून काढलें नाहीं. आपल्या मतावर ठाम राहून दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीस मान देणें, हें खडकावर मनोरा बांधण्याहून फारसें सोपें नाहीं.

१८०८ सालच्या आरंभीं घरीं मोठें दुःख कोसळलें. डांग्या खोकल्याच्या सांथींत त्याचीं तीन लहान मुलें एकामागून एक गेलीं. त्यांत दोन जुळीं होतीं. वसंत ऋतु येतांच तो पुन्हां खडकावर गेला. त्याच वर्षीं जेम्स स्कॉट नांवाचा एक तरुण खलाशी होडी उलटून बुडाला. त्याच्या घरचा तो मोठा आधार होता. पुढें त्याचा धाकटा भाऊ आईच्या संमतीनें त्याच जागीं कामास आला. ज्या मातेनें एक मुलगा समुद्रास दिला, तिनें दुसरा पुन्हां तेथेंच पाठविला, तो गरजेनें कीं धैर्यानें, ह्याचा निर्णय आम्ही करूं इच्छित नाहीं, बहुधा दोन्हींनीं.

१० जुलै १८०८ रोजीं मनोऱ्याचा कोनशिला बसला. एडिस्टन खडकावर १७५९ सालीं पुरें झालेलें स्मीटन नांवाच्या विशारदाचें दीपगृह हा नमुना पुढें ठेवला होता. होडीस 'स्मीटन' नांव दिलें होतें तेंही त्याच्याच आदरानें. सुतार पेटीच्या कोपऱ्यास जशा एकमेकींत अडकणाऱ्या खांचा पाडतो, तशा खांचा प्रत्येक दगडास पाडलेल्या होत्या. त्यामुळें एक दगड हलवावयाचा तर सगळा थर हलवावा लागे. प्रत्येक थर प्रथम आर्ब्रोथच्या आवारांत जुळवून पाहात, दगडांवर खुणा करीत, मग गलबतानें खडकावर नेत. असे एकंदर २,८३५ दगड लागले. आवारांतील बहुतेक दगड बॅसी नांवाच्या एका घोड्यानें ओढले; त्याचाही येथें उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. मनोऱ्याचा तळ ४२ फूट व्यासाचा आहे, आणि खालचा ३० फूट भाग आंत पोकळी न ठेवतां सबंध भरीव आहे. दार त्याच्यावर, तेथें दोराच्या शिडीनें चढावें लागे. १८१० च्या उन्हाळ्यांत दगडी काम संपलें. मनोऱ्याची उंची ११५ फुटांच्या आसपास भरली.

मनोरा झाला, परंतु मनोरा म्हणजे दीपगृह नव्हे. येथें आमच्या वाचकांनीं थोडें अधिक लक्ष द्यावें, अशी विनंति आहे. अंधारांत खलाशास नुसता उजेड दिसून भागत नाहीं. तो उजेड कोणता, हें त्यास कळावें लागतें. फोर्थच्या तोंडाशीं मे नांवाचें बेट आहे. त्यावर १६३६ सालापासून कोळशाचा दिवा जळत असे. १८१० सालच्या डिसेंबर महिन्यांत 'निंफ' व 'पॅलस' हीं दोन लढाऊ जहाजें रात्रीं फोर्थकडे येत होतीं. डनबार गांवाजवळ किनाऱ्यावर चुन्याची भट्टी पेटलेली होती. तिचा जाळ पाहून तांडेलांनीं तो मे बेटाचा दिवा समजला, आणि त्या हिशेबानें सुकाणू फिरविलें. दोन्ही जहाजें एकाच रात्रीं खडकांवर फुटलीं, आणि कांहीं खलाशी प्राणांस मुकले. ह्यांत वादळ नव्हतें, कीं तांडेलांचा निष्काळजीपणा म्हणावा तर तसाही नव्हता. दिसणारा उजेड खराच होता, फक्त तो दुसराच होता. बेल रॉकचा दिवा लागण्यास ह्या वेळीं अवघे सहा आठवडे उरले होते.

स्टीव्हन्सनला ही अडचण पूर्वींच उमगलेली होती. ऑर्कनी बेटांत १८०६ सालीं त्यानें स्कॉटलंडांतील पहिला फिरता दिवा लावला होता. बेल रॉकसाठीं त्यानें त्यापुढें पाऊल टाकलें. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे २४ आरसे एका चौकटीवर बसवून, वजनानें चालणाऱ्या घड्याळी यंत्रानें ती चौकट फिरती ठेवली, आणि तिच्या दोन बाजूंस तांबड्या कांचा लावल्या. त्यामुळें लांबून पाहणाऱ्यास प्रथम पांढरा, मग काळोख, मग तांबडा, असा प्रकाश आळीपाळीनें दिसे. आसपास दुसरा असा दिवा नव्हता. चुन्याची भट्टी पांढरी-तांबडी होत नाहीं, कीं कोळशाची शेगडी ठराविक वेळानें मालवत नाहीं. धुकें पडल्यावर दिवा निरुपयोगी होतो, म्हणून त्याच यंत्रानें वाजणाऱ्या दोन मोठ्या घंटा त्यानें बसविल्या. मठाधिपतीची दंतकथेंतील घंटा अशा रीतीनें खरोखरीच त्या खडकावर परत आली.

१ फेब्रुवारी १८११ रोजीं हा दिवा प्रथम लागला. त्या कामीं एकसष्ट हजार पौंडांहून अधिक खर्च झाला होता.

दिवा एकदां लावणें हें एका माणसाचें काम, परंतु तो रोज लावणें हें अनेकांचें. बेल रॉकसाठीं चार राखणदार नेमले. त्यांतील एकास आळीपाळीनें किनाऱ्यावर रजा मिळे. पहिल्या राखणदारांत बॉनीमन नांवाचा पाथरवट होता. त्याचें एक बोट ह्याच बांधकामांत तुटलें होतें. आर्ब्रोथ येथें १८१३ सालीं एक खुणेचा मनोरा बांधला. रोज सकाळीं दीपगृहावर एक मोठा गोळा वर चढवीत, म्हणजे किनाऱ्यावरील लोकांस कळे कीं सर्व ठीक आहे. गोळा दिसला नाहीं, तर मदतीची बोट निघे. एखाद्या राखणदाराच्या घरीं मूल जन्मलें, तर खुणेच्या मनोऱ्यावर मुलगा असल्यास विजार आणि मुलगी असल्यास परकर चढवून बापास कळवीत, असेंही सांगतात. १८१४ सालीं दीपगृह मंडळाच्या प्रवासांत वॉल्टर स्कॉट हा साहित्यिक स्टीव्हन्सनबरोबर होता. तोही ह्या दोराच्या शिडीनें वर चढला होता.

बेल रॉकवर यश आल्यानंतर मंडळानें मे बेट विकत घेतलें, आणि १८१६ सालीं तेथील कोळशाची शेगडी विझवून तेलाचा नवा दिवा लावला. ह्या जुन्या शेगडीनें आपल्या राखणदारावरही दया केली नव्हती. १७९१ सालीं तिच्या राखेच्या विषारी धुरानें राखणदार, त्याची बायको व पांच मुलें झोंपेंतच गुदमरून मेलीं. एक तान्हें मूल तेवढें वांचलें होतें. आतां फोर्थकडे येणाऱ्या तांडेलास उत्तरेस बेल रॉकचा रंगीत दिवा आणि दक्षिणेस मे बेटाचा दिवा, अशा दोन निरनिराळ्या खुणा मिळाल्या. दोन दिवे ओळखतां आले म्हणजे नकाशावर आपण कोठें आहों हें ठरवितां येतें. पुढें स्टीव्हन्सननें ठराविक वेळानें झांकणारा व उघडणारा दिवा काढला, आणि त्याबद्दल नेदर्लंड्सच्या राजानें त्यास सुवर्णपदक दिलें. ह्या सर्व युक्त्यांपैकीं एकीवरही त्यानें मालकी हक्क सांगितला नाहीं. आपण सार्वजनिक कामाचे नोकर आहों, तेव्हां त्या कामांतून सुचलेलें सर्वांचें आहे, असा त्याचा व त्याच्या मुलांचा समज होता.

चरित्र सांगतांना दोष झांकूं नयेत. बेल रॉकच्या कामाचें श्रेय रेनीचें किती आणि स्टीव्हन्सनचें किती, ह्याविषयीं दोन्ही कुटुंबांत मोठा वाद झाला. स्टीव्हन्सननें १८२४ सालीं ह्या दीपगृहाचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील चित्र टर्नर ह्या नामांकित चित्रकाराच्या हातचें आहे. परंतु तोंपर्यंत रेनी निवर्तला होता, आणि त्याच्या वांट्यास ग्रंथांत पुरेसा मान आला नाहीं, असें पुष्कळांस वाटलें. आमच्या मतें रेनीनें आराखड्यांत महत्त्वाचे फेरफार सुचविले, मंडळाचा विश्वास मिळवून दिला, आणि तो थोडकाच वेळ खडकावर आला. ओहोटीमागून ओहोटी जो तेथें उभा राहिला, तो स्टीव्हन्सन. दोघांस पुरेल इतकें श्रेय त्या मनोऱ्यांत आहे. तें स्टीव्हन्सननें मोकळ्या हातानें वांटलें असतें, तर आम्हांस अधिक आनंद झाला असता. दिव्याखालीं अंधार असतो, ही म्हण थोरांसही लागू पडते.

चाळीस वर्षांहून अधिक काळ तो दरसाल जहाजानें सगळ्या दीपगृहांची पाहणी करी. पितळ घांसलेलें आहे कीं नाहीं, तेल मोजून भरलें आहे कीं नाहीं, वही त्या त्या दिवशीं लिहिली आहे कीं नाहीं, हें तो डोळ्यांत तेल घालून पाही. राखणदार त्याच्या येण्याची धास्ती घेत. परंतु ह्या धास्तीमुळेंच दिवे विझत नसत. त्याचे तीन मुलगे अॅलन, डेव्हिड व टॉमस हे तिघेही ह्याच धंद्यांत नांवाजले. हवेचें उष्णमान मोजण्याचीं यंत्रें ठेवण्यासाठीं आमच्या वेधशाळांतून जी पांढरी, फटींची पेटी दिसते, ती ह्या टॉमसनें काढलेली आहे.

१८५० च्या उन्हाळ्यांत म्हातारा रॉबर्ट अंथरुणास खिळला होता. वार्षिक पाहणीचा हंगाम आला, तशी त्यानें जाण्याची तयारी आरंभिली. हा आजार बरा होणारा नाहीं असें अखेर त्यास सांगावें लागलें. मरणाची वार्ता त्यानें शांतपणें ऐकली. यंदा दिवे पाहावयास जातां येणार नाहीं, ह्याचें मात्र त्यास अतिशय वाईट वाटलें, असें त्याच्या नातवानें लिहून ठेवलें आहे. १२ जुलै १८५० रोजीं तो एडिंबरो येथें वारला. त्या वेळीं त्याचें वय ७८ वर्षांचें होतें.

पुढें बेल रॉकच्या दिव्याचीं यंत्रें बदललीं, तेल जाऊन वीज आली, आणि १७७ वर्षांचा हिशेब सांगणाऱ्या त्या राखणदारांच्या वह्या मिटविण्याची वेळ जवळ येत गेली. १९८८ सालीं शेवटले राखणदार खालीं उतरले. आतां दिवा आपोआप लागतो. फोर्थच्या खाडींत ये-जा करणाऱ्या जहाजांवर आज किनाऱ्यावरील कचेरींत बसलेले अधिकारी रडार यंत्रानें नजर ठेवतात, कोणतें जहाज कोठें आहे हें त्यांस पडद्यावर दिसतें, आणि बिनतारी यंत्रानें ते त्यास वाट सांगतात. साधनें पार बदललीं. परंतु प्रश्न तोच आहे. गर्दीच्या वाटेवर प्रत्येकानें आपण कोण व कोठें आहों हें दुसऱ्यास स्पष्ट कळविलें पाहिजे, आणि तें प्रत्येक रात्रीं न चुकतां कळविलें पाहिजे. मनोरा मात्र मूळचाच आहे. दोनशेंहून अधिक हिवाळ्यांच्या लाटा त्यानें अंगावर घेतल्या आहेत.

आमच्या मुलांपैकीं फारच थोडीं समुद्रावर जातील. तरी कोणाच्या तरी विश्वासास पात्र होण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो; घरांत धाकट्या भावंडांच्या, शेजारीं म्हाताऱ्यांच्या, पुढें हाताखालच्या माणसांच्या. अशा वेळीं एखाद्या दिवशीं मोठा भडका करून दाखविणें फारसें कठीण नसतें. तेवढें चुन्याच्या भट्टीसही साधतें. रोजच्या रोज, ठरलेल्या वेळीं, ओळखतां येईल असें जळत राहणें कठीण. बेल रॉकवर मनोरा उभा राहिला तो ओहोटीच्या दोन-दोन तासांच्या कामानें. अभ्यासास वेळ मिळत नाहीं अशी तक्रार घेऊन जो विद्यार्थी आमच्याकडे येईल, त्यास आम्ही ह्यापुढें त्या लोहाराची गोष्ट सांगणार आहों, ज्याची भट्टी रोज समुद्र विझवी आणि जो ती रोज पुन्हां पेटवी.